दोन खोल्या, तीन नातवंडं आणि बाजूला ठेवलेले दोन हजार

पत्र असं आलंय:

"ताई, नमस्कार. आम्ही सांगलीत खणभागात राहतो. बाहेरची खोली, आतली खोली आणि स्वयंपाकघर, एवढंच घर. मे महिन्यात पुण्याहून मुलाची दोघं येणार आहेत, नात सहा वर्षांची आणि नातू साडेतीनचा, आणि त्याच वेळी इचलकरंजीहून लेक येतीय तिच्या चौदा महिन्यांच्या बाळीला घेऊन. पंधरा दिवस सगळी एकत्र. मुलाची लहानपणीची खेळणी जपून ठेवली होती ती २०१९ च्या पुरात गेली, माळ्यावर चढवायची राहिली होती. गेल्या दिवाळीत हौसेनं बॅटरीवरची मोठी गाडी आणली तर बहीणभावाची रोज त्याच्यावरून मारामारी, आणि ती गाडी आता दिवाण आणि कपाटाच्या मध्ये अशी अडकलीय की झाडू जात नाही. जाताना नात म्हणाली, आजी तुझ्याकडे बोअर होतं. तेवढं डोक्यातून जात नाही. दोन हजार बाजूला ठेवलेत, काय आणू ते सांगा. माझे गुडघे दुखतात, खाली बसवत नाही. यांना बीपी आहे, गोंगाट चालत नाही. एक आजी."

वहिनी, तुम्ही ताई म्हणालात म्हणून मी पण नातं जोडून टाकलं, चालेल ना.

आधी ते 'बोअर'चं बघू, कारण पत्र खेळण्यांचं असलं तरी दुखतंय तिथं. मी सत्तावीस वर्षं बालवाडीत काढलीत, आणि तुम्हाला शप्पथ सांगते सहा वर्षांचं पोर भूक लागली तरी बोअर म्हणतं, झोप आली तरी बोअर म्हणतं, आई फोनवर बोलत बसली तरी बोअरच. माझा स्वतःचा नातू पहिल्यांदा चार दिवस राहायला आला तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता हे वाक्य मला ऐकवलं, मी इतकी घाबरले की लगेच रिक्षा करून मारुती रोडला गेले आणि तीन खेळणी घेऊन आले, ती संध्याकाळपर्यंत जुनी झाली. आता मी काय करते, तो बोअर म्हणाला की म्हणते बरं झालं बाबा, मग हा लसूण सोल. पाच पाकळ्या सोलतो, कंटाळतो, उठतो आणि स्वतःहून कायतरी उद्योग काढतो. तो कंटाळ्याचा अर्धा तास आपल्याला निभवता आला पाहिजे, पोरांना येतो. तुमच्या नातीनं ते तुम्हाला बोल लावायला म्हटलेलं नाही, त्यामुळं ते डोक्यातून काढा आणि त्या एका वाक्यापायी दोन हजार घालवू नका.

आता मुद्द्याचं. लहान घरात खेळणं घेताना आपण चूक काय करतो, ते खेळताना कसं दिसेल ते बघतो. मी म्हणते ते खेळून झाल्यावर रात्री कुठं जाणार ते बघा. रात्री त्याच खोलीत चार गाद्या पडणार आहेत ना? मग ज्याला गादी घालायच्या वेळी जागा नाही ते दुकानात कितीपण गोड दिसू दे, घ्यायचं नाही. माझ्याकडं ह्याचं माप म्हणजे एक पत्र्याची ट्रंक आहे, दिवाणाखाली सरकणारी. ट्रंकेत बसेल तेवढंच घरात, आणि रोज सकाळी त्यातल्या फक्त तीन-चार गोष्टी बाहेर, बाकीच्या आत. दोन दिवसांनी अदलाबदल. पोरांना तीच वस्तू परत नवी वाटते, खरंच वाटते, बालवाडीत आम्ही हेच करायचो कारण आम्हाला पण कपाट एकच होतं. तुमची ट्रंक पुरात गेली असेल तर नवी घ्या, ह्या दोन हजारातला पहिला खर्च तोच. जुनी कुणाची घेतली तर एक लक्षात ठेवा, आत डांबरगोळ्या असतील तर सगळ्या वेचून टाका आणि ट्रंक दोन दिवस उन्हात उघडी ठेवा. चौदा महिन्यांच्या बाळीला ती पांढरी गोळी आणि साखरफुटाणा एकच, आणि ती पोटात गेली तर चांगलीच महागात पडते.

गाडीचं भांडण का झालं सांगू? पोरं भांडखोर आहेत म्हणून नाही, गाडी एकच आहे म्हणून. जी वस्तू घरात एकच असते तिच्यावर दोघं बसणारच. त्यामुळं तुम्ही पुष्कळ तुकड्यांचं कायतरी घ्या, आणि माझं मत विचाराल तर साधे लाकडी ठोकळे, चाळीस-पन्नास, रंगीत नसले तरी चालतील, उलट बरं. साडेतीनचा नुसता मनोरा रचून पाडेल, सहाची त्याचा पूल करेल, वाडा करेल, आणि बाळी दोन ठोकळे एकमेकांवर आपटत बसेल, त्यातच तिला मोक्ष. तिघांना तीन वयात चालणारी दुसरी वस्तू मला अजून सापडलेली नाही. (प्लॅस्टिकचे एकात एक अडकणारे बारके ब्लॉक मात्र ह्या ट्रिपला नकोत, रात्री पाण्याला उठलात आणि पायाखाली आला तर तुमचे गुडघे आणि ते ब्लॉक, दोघांचा निकाल.) सावंतवाडीची किंवा चन्नपट्टणची लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी कुठं प्रदर्शनात मिळाली तर एखादी घ्या, दिसायला पण छान आणि कोपरे गोल असतात.

बाकी खरेदी किरकोळ. एक मऊ स्पंजचा बॉल, म्हणजे टीव्ही आणि यांचा बीपी दोन्ही शाबूत. एक सापशिडी-ल्युडोचा पट. पत्त्यांचा कॅट, नात सहाची आहे म्हणजे भिकार-सावकार आणि गाढव तिला सहज जमेल, आणि पत्ते दिवाणावर बसून खेळता येतात, तुम्हाला खाली बसायला नको. दोन जाड ब्रश, रंगवाल्याकडं मिळतात ते, रंग नको नुसते ब्रश, का ते पुढं सांगते. हे सगळं ट्रंक धरून सुद्धा दोन हजाराच्या आत बसायला पाहिजे, उरलेले नातीला घेऊन कुल्फीला घालवा.

दुकानात गेलात की खोक्यावर आयएसआयचा शिक्का बघा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडं खेळण्यांना तो सक्तीचा आहे, तरी हातगाडीवर, जत्रेत बिनशिक्क्याचा माल ढिगानं असतो आणि आपण म्हणतो जाऊदे वीस रुपयाचं तर आहे. मोठ्यांसाठी एखादवेळी चालेल, बाळीच्या हाताला लागेल असं काही तसलं आणू नका. आणि चिमुकल्या चकतीसारख्या बटण सेलवर चालणारं खेळणं असेल तर सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का बघा, नखानं उघडत असेल तर परत द्या. तो सेल गिळला तर दोन तासात सुद्धा अन्ननलिका भाजते, त्यामुळं संशय जरी आला तरी घरी वाट बघायची नाही, सरळ दवाखाना. लोहचुंबकाचे बारके मणी येतात ते तर घरातच नकोत.

बाळीसाठी एक जुनी युक्ती आहे. रोलच्या कॅमेऱ्याची काळी डबी आठवते का, फिल्म यायची ती? घरात कुठंतरी बटणं नाहीतर सुया भरून ठेवलेली असणारच. त्या डबीत जी वस्तू अख्खी बसते ती तीन वर्षांखालच्या पोराच्या घशात अडकू शकते. डबी नसली तर साधारण सव्वातीन सेंटिमीटर रुंदीची नळी धरा. ह्या डबीनं एकदा घर तपासा, तुम्हीच चकित व्हाल. सागरगोटे बसतात, चिंचोके बसतात, पेनाची टोपणं, बांगडीचे मणी, ल्युडोच्या सोंगट्या, सगळं बसतं. म्हणजे ल्युडो आणि सागरगोटे कधी, तर बाळी झोपल्यावर, आणि मोजून ठेवायचं. सहाच्या मुलीला तू मोजणीची मालक आहेस असं सांगितलं की ती पाच सागरगोटे पंधरा वेळा मोजते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही हां. माझ्या नातवानं तीन वर्षांचा असताना चिंचोका नाकात घातला होता. आम्ही पट मांडला होता, मी फोन घ्यायला उठले तेवढ्यात. आणि मी, सत्तावीस वर्षांची अनुभवी बाई, केसातली पिन घेऊन काढायला गेले, तो अजून आत गेला. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दोन मिनिटात काढला आणि मला दहा मिनिटं झापलं, बरोबरच झापलं. बी ओलाव्यानं फुगते, आपण कोरायला गेलो की आत सरकते. तसं काही झालं तर हात लावू नका, घेऊन जा.

त्याच नात्यानं भडंग. सांगलीचं घर आणि पोरं आली म्हटल्यावर भडंगाचा डबा निघणारच, पण त्यातले शेंगदाणे बाळीला आणि साडेतीनच्याला नकोत, फुटाणे पण नकोत, चारपाच वर्षं होईपर्यंत. नुसते चुरमुरे निवडून द्या. द्राक्षं असली तर उभी चिरून चार तुकडे. आणि खाताना बसून, पळत नाही.

आता घरातच काय काय आहे ते बघा, कारण खरी खेळणी तिथंच आहेत. बाळीला चौदाव्या महिन्यात जगात एकच काम असतं, भरायचं आणि ओतायचं. तिला स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा एक खण देऊन टाका. त्यात स्टीलच्या वाट्या, झाकणं, एक पळी, लाकडी चमचा, जुने रुमाल कोंबलेला एक डबा. ती तासभर रुमाल काढते आणि घालते. आवाज होईल, पण यांना सांगा की भांड्यांचा आवाज आहे, बॅटरीवालं गाणं नाही, ते एकदा लागलं की तेच तेच दिवसभर.

मगाशी ब्रश का म्हणाले, तर तुमच्या घरी शहाबादी फरशी असेल, नाहीतर दाराबाहेर पायरी, ओटा कायतरी असेलच. तांब्याभर पाणी आणि ब्रश द्या आणि म्हणा रंगवा. ओल्या फरशीवर काळं चित्र उठतं आणि मे महिन्याच्या उन्हात बघता बघता वाळून जातं, की परत नवं. कागद लागत नाही, पुसायला लागत नाही, संपतच नाही. साडेतीनच्या मुलाला मी हे करताना चाळीस मिनिटं गप्प बघितलाय. फक्त तांब्याच द्या, बादली नको, आणि बाथरूमचं दार ह्या पंधरा दिवसात कायम बंद, कारण आपल्याकडं पाण्याची बादली-पिंप भरून ठेवायची सवय, आणि बाळ बादलीत तोंडावर पडलं तर वीतभर पाणी सुद्धा पुरतं.

दुपारसाठी कणकेचा गोळा. पण नेहमीची कणीक दिली तर तासात चिकट होते, म्हणून दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि बेताचं पाणी, घट्ट मळून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये, चारपाच दिवस आरामात चालतो. एक गोळा हळदीचा पिवळा, एक बिटाच्या पाण्याचा. पोळपाट-लाटणं जुनं द्या. मीठ भरपूर आहे म्हणून बाळीच्या तोंडात जाऊ देऊ नका, तेवढं. दोघांना गोळा समान लागतो हे आधीच सांगून ठेवते, समान म्हणजे समान, नात डोळ्यांनी वजन करते.

हळदीवरनं आठवलं, हे खास तुमच्या नातीसाठी आणि यांच्यासाठी. हळदीच्या गावात राहून नातवंडांना ही जादू दाखवली नाही तर काय उपयोग, आपल्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (म्हणजे भौगोलिक मानांकन) मिळालंय म्हणून आपण नुसते फुशारक्या मारतो. दोन चमचे हळद थोड्या पाण्यात कालवायची, कापसानं पांढऱ्या कागदावर फासायची, कागद उन्हात वाळवायचा. मग साबणाच्या पाण्यात नाहीतर खायच्या सोड्याच्या पाण्यात काडी बुडवून त्या पिवळ्या कागदावर नाव लिहायचं, अक्षरं लालसर तपकिरी उमटतात. वरनं लिंबू पिळलं की परत पिवळी. कुंकू पूर्वी हळदीपासून असंच करायचे, चुन्याच्या जोडीनं, ते यांनी सांगायचं. चुना मात्र पोरांच्या हातात द्यायचा नाही, डोळ्यात गेला तर डोळा जातो, साबण-सोड्यावरच भागवा. जुने कपडे घाला आणि सूनबाईला आधी फोन करून सांगा की हळदीचे डाग पडणार आहेत, म्हणजे पांढरा फ्रॉक बॅगेत येणार नाही.

आणि दुकान-दुकान. हा खेळ गुडघेदुखीवाल्या आज्यांसाठीच काढलाय असं माझं पक्कं मत आहे. तुम्ही खुर्चीवर गल्ल्यावर बसायचं. चहाची रिकामी पुडकी, तेलाची झाकणं, दोन बटाटे, चार कांदे दिवाणावर मांडायचे, कपड्याच्या हँगरला दोन्हीकडं दोऱ्यानं दोन वाट्या बांधल्या की तराजू. नात हिशोब करेल, नातू गिऱ्हाईक, तो प्रत्येक वेळी फक्त कांदा मागेल, देत राहायचा. तुम्ही जागचं उठायचं नाही, मालक कशाला उठतोय.

घर लहान म्हणून वाईट वाटून घेऊ नका, खरं सांगते. दिवाणावरनं एक जुनी साडी खालपर्यंत सोडा, त्याच्या आत बॅटरी आणि दोन उशा, झालं त्यांचं घर. मोठ्या फ्लॅटमध्ये पोरं आपापल्या खोलीत असतात, तुमच्याकडं त्यांना आजीच्या पायाशी घर करता येतं. साडीची झोळी बांधून देणार असाल तर बाळी आत असताना एक मोठं माणूस शेजारी पाहिजेच, आणि लोंबते दोर वर गुंडाळून ठेवा.

तरी पण पंधरा दिवस आतच ठेवलं तर सगळीच वेडी होतील, आधी यांचं डोकं जाईल. ऊन चढायच्या आत सकाळी आमराई. तिथं काही न्यायला लागत नाही, वाळकी पानं, काड्या, बिया, सहाची गोळा करेल आणि घरी आल्यावर आकाराप्रमाणं लावेल (बिया बाळीपासून लांब, ते झालं सांगून). संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर, आणि तिथनं यांनी नातीला १९२९ सालचा आयर्विन पूल दाखवायचा आणि सांगायचं की ह्या पुलापाशी पाणी फुटात मोजतात, चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं आणि बाबाची खेळणी कशी गेली. तुम्हाला वाटेल पोरीला कशाला हे, पण बाबाची खेळणी वाहून गेली ही गोष्ट तिला कुठल्याच कार्टूनपेक्षा भारी वाटेल आणि ती शंभर प्रश्न विचारेल, त्यातच तीन संध्याकाळी जातील. घरी आल्यावर तिला विचारायचं की पाणी आपल्या भिंतीवर कुठवर होतं, आणि खडूनं खूण करायला लावायची, मग विती मोजायच्या. एखाद्या दिवशी नातवाला स्टेशनवर, दहा रुपयाचं प्लॅटफॉर्म तिकीट आणि दोन गाड्या बघितल्या की तो आठवडाभर ठोकळ्यांची रेल्वे करतो. हरिपूरला संगमावर गेलात तर हळद जमिनीखालच्या पेवांमध्ये कशी साठवायचे ते सांगा, जमिनीत खोली असते म्हटल्यावर पोरं डोळे मोठे करतात.

मोबाईलचं तुम्ही विचारलं नाहीत, पण ते येणारच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की वर्षाच्या बाळाला स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तम. पण ह्याच्यावरनं सुनेशी वाद घालू नका. तिचा पुण्यात काय नियम आहे तो आधी विचारा आणि तोच इथं चालवा, ना जास्त लाड ना जास्त कडक. तिला हे पण विचारा की झोपताना नातवाला कुठली बाहुली, चादर, काय लागतं, ते एक आठवणीनं आणायला सांगा. नव्या जागी पहिल्या रात्री ते एक फडकं तुमच्या सगळ्या खेळण्यांवर भारी पडतं.

आणि ती अडकलेली गाडी. परस्पर कुणाला देऊन टाकू नका, नातवाला फोनवर विचारा, तुझी गाडी अंगणवाडीतल्या मुलांना देऊ का तू पुण्याला नेतोस. बहुतेक तो विसरलाय. पण विचारल्याशिवाय दिलीत तर त्याला ती नेमकी पहिल्या दिवशी आठवेल.

पोरं यायच्या आदल्या दिवशी अजून एक काम, हे खेळण्यांच्या आधी करा. यांच्या बीपीच्या गोळ्या आणि तुमची गुडघ्याची औषधं बहुतेक टीव्हीजवळ नाहीतर उशाशी पडलेली असणार, सगळ्यांच्या घरी तिथंच असतात. एका डब्यात भरून कुलपाच्या कपाटात, फ्रिजवर नाही, सहा वर्षांची नात खुर्ची ओढून चढते. लेकीच्या आणि सुनेच्या पर्समधल्या गोळ्या पण त्याच डब्यात. यांना सकाळी गोळी तुम्ही काढून द्या, ते कुरकुर करतील की माझं औषध मला सापडत नाही, करू देत.